पुढच्या अंगणातलं गवत

सातारा, ९ जून

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी ईमेल मिळाली. छापून घेतली तर सात पानं झाली, म्हणून मी तिला पत्रच म्हणते. ती वाचून व्हायच्या आत तुझ्या बाबांचा फोन. ‘बाई, कर्ज काढून पोराला कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेत धाडलं, आणि आता तो म्हणतो, अमेरिकाच शिकतो, अमेरिकन स्टडीज म्हणे. हे म्हणजे पंढरपूरला जाऊन पंढरपूर शिकण्यातलं झालं.’ मी म्हटलं, सोन्थायमर नाही का जर्मनीहून येऊन आपल्या खंडोबामागे नि धनगरांमागे हिंडले? ‘ते प्रोफेसर होते, त्यांना पगार होता,’ बाबा म्हणाले. मुद्दा बरोबर आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

सात पानांपैकी साडेसहा पानं मला तुझी वाटलीच नाहीत. ‘अमेरिकन संस्कृतीचा बहुविद्याशाखीय वेध’, ‘समाज, साहित्य आणि सत्ता यांचं परस्परनातं’ हे सगळं कॉलेजच्या माहितीपत्रकातलं. असली माहितीपत्रकं मी स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे चव लगेच ओळखते. पण पाचव्या पानावर एक ओळ आहे. तू सुट्टीत न्यू जर्सीत एडिसनला काकांकडे राहतो आहेस आणि काका दर शनिवारी सकाळी दीड तास घरापुढचं गवत कापतात. तू लिहिलंस, ‘त्या गवतावर कुणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत, कुणाची शेळी चरत नाही. मग ते वाढवायचं कशाला आणि कापायचं कशाला?’ आणि लगेच पुढे, ‘सॉरी, विषयांतर झालं.’

अरे, सात पानांत तिथेच तर विषय आला.

अमेरिकन स्टडीज हा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घेतलास तर काय होईल, ते आधी सांगते. दोन-तीन पायाभूत कोर्स त्या विभागाचे. बाकीचे इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, चित्रपट, धर्म, कायदा असे दहा दारांतून गोळा करायचे. शेवटच्या वर्षी एक मोठा प्रबंध. कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजात बावीस वर्षं शिकवताना मी पाहिलं की बरीच मुलं चार वर्षांनी भेळ घेऊन बाहेर पडायची. थोडं जॅझ, थोडं यादवी युद्ध, मूठभर हॉलिवूड, वरून शेव म्हणून वर्णद्वेष. भेळ मलाही आवडते, पण ती कालवल्यावर दहा मिनिटांत मऊ पडते. या मुलांना दोन वर्षांनी विचारलं की तू काय शिकलास, तर त्यांना कोर्सांची नावं आठवायची, एकही प्रश्न आठवायचा नाही.

ज्यांचं भलं झालं त्यांच्याकडे पहिल्यापासून एखादी वस्तू असायची. एका मुलीकडे शाळेची पिवळी बस होती. एका मुलाकडे बर्फ: हॉटेलात न मागता ग्लासभर बर्फ का देतात, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं. त्या वस्तूच्या मागे लागून ती दहाही दारं ठोठावायची. दरवेळी हातात एकच गोष्ट घेऊन जायची. बहुविद्याशाखीय या जडशीळ शब्दाचा मला कळलेला अर्थ तेवढाच आहे.

तर तुझं गवत घेऊ.

हे गवत मुळात अमेरिकेचं नाहीच. काकांच्या अंगणात बहुधा केंटकी ब्लूग्रास असेल. नाव केंटकीचं, पण कूळ युरोपातलं. वसाहतवाल्यांच्या गुराढोरांबरोबर आणि बियाण्यांबरोबर ते आलं. घरापुढे मोकळी हिरवळ ठेवायची हौसही इंग्लंडच्या जमीनदारांची. ज्याला इतकी जमीन पिकवायची गरज नाही तोच ती नुसती हिरवी ठेवू शकतो, अशी ती मिरवण्याची चीज. कापायचं यंत्र १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं पेटंट केलं, तोवर विळ्या-कोयत्यांचं नाहीतर मेंढरांचं काम. आणि शेळी चरत नाही म्हणतोस, तर ऐक: १९१८ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, अध्यक्ष वुड्रो विल्सननी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. माणसं युद्धावर गेलेली, गवत कापायला कोण? मेंढ्यांची लोकर विकून पैसे रेडक्रॉसला दिले. त्या मेंढ्यांचे फोटो आहेत, शोधून पाहा.

जमीनदाराची हौस तुझ्या काकांसारख्या नोकरदाराच्या दारात कशी पोचली, ही खरी गोष्ट. शिकागोजवळचं रिव्हरसाइड हे उपनगर फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडनी १८६९ मध्ये आखलं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणारा हाच माणूस. त्यानं घरं रस्त्यापासून तीस फूट मागे सारली. पुढच्या वर्षी फ्रँक स्कॉट या लेखकानं घराभोवतीच्या बागांवर पुस्तक लिहून कुंपणाविरुद्ध मोहीमच उघडली: आपली हिरवळ शेजाऱ्याला दिसू न देणं हे अशिष्टपणाचं. आता विचार कर, साताऱ्यात तुझ्या आजोबांनी पहिलं काय केलं होतं? चारी बाजूंनी कंपाउंड, वर काचा. अमेरिकेत सलग गवतात एक घर संपून दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही, आणि तरी प्रत्येकाला आपली हद्द इंचभर चुकत नाही. हे कसं जमतं? हा समाजशास्त्राचा प्रश्न, आणि मला विचारशील तर अख्ख्या प्रबंधाला पुरेल एवढा.

मग १९४७. लाँग आयलंडवर न्यूयॉर्कपासून जवळच बटाट्याची शेतं होती. बटाट्याला सूत्रकृमीनं धरलं होतं आणि शेतकरी जमिनी विकायला तयार होते. लेव्हिट नावाच्या बापलेकांनी तिथे लेव्हिटटाउन ही वसाहत बांधायला घेतली, पण गवंडी-सुतारांच्या पद्धतीनं नाही. मोटारीच्या कारखान्यात मोटार सरकते नि कामगार उभा राहतो; इथे घर उभं आणि कामगारांच्या टोळ्या सरकत्या. एक टोळी फक्त पाया ओतणार, एक फक्त छप्पर घालणार, एक फक्त रंग मारणार. भर हंगामात दिवसाला तीस घरांपर्यंत मजल जायची. १९५१ पर्यंत १७,४४७ घरं झाली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जी. आय. बिलामुळे सरकारी हमीचं कर्ज होतंच. आणि प्रत्येक घरापुढे हिरवळ. थोरले लेव्हिट, अब्राहम, बागेचे भारी शौकीन; लोकांनी गवत कसं राखावं यावर ते वर्तमानपत्रात सदर लिहायचे. कुंपण घालायचं नाही, हंगामात आठवड्याला एकदा गवत कापायचं, अशा अटीच होत्या. म्हणजे तुझ्या काकांचा शनिवार तुला वाटतो तसा नुसता स्वभाव नाही. त्याच्या पाठीमागे कुठेतरी कागद आहे.

त्याच लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात आणखी एक अट होती, ठळक अक्षरांत: कॉकेशियन (ढोबळमानानं गोऱ्या) वंशाखेरीज कुणालाही या घरात राहू देता येणार नाही. घरकामाचे नोकर चालतील.

इथे जरा थांब, कारण आता आपली माणसं गोष्टीत येतात. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते आणि त्यांना नागरिकत्व हवं होतं. बाहेरून आलेल्यांपैकी कायद्यानं नागरिकत्व ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळायचं. थिंड म्हणाले, तुमच्याच शास्त्रज्ञांच्या पुस्तकांप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी कॉकेशियन ठरतो. गंमत म्हणजे त्याआधी तीनच महिने याच न्यायालयानं ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला ‘गोरा म्हणजे कॉकेशियन, तू कॉकेशियन नाहीस’ असं सांगून परत पाठवलं होतं. थिंडना सांगितलं, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. (थिंड उच्चवर्णीय आर्य रक्ताचा दावा करत होते, हेही विसरू नकोस. आपली जात आपण तिथल्या कोर्टातही घेऊन गेलो.) आता माझा आवडता परीक्षेतला प्रश्न: १९४७ मध्ये एखादा हिंदी माणूस लेव्हिटटाउनच्या कचेरीत गेला असता, तर त्या अटीप्रमाणे तो आत की बाहेर? याचं उत्तर पुस्तकात नाही. पण ते काढायला कायदा लागतो, वंशाच्या कल्पनेचा इतिहास लागतो, आणि कचेरीतल्या कारकुनाच्या डोक्यात काय असेल याचा अंदाजही लागतो, जो कादंबऱ्या वाचून येतो.

पुढचं भराभर सांगते. अशा अटींची न्यायालयानं अंमलबजावणी करायची नाही, असा निकाल १९४८ मध्ये लागला. तरी प्रथा चालूच राहिली. घरकर्जाला हमी देणारी सरकारी संस्थाच मिश्र वस्तीला धोका मानत होती. १९३० च्या दशकात शहराशहरांचे नकाशे रंगवले गेले होते, लाल रंग म्हणजे इथे कर्ज देणं जोखमीचं. ऑगस्ट १९५७ मध्ये, लेव्हिटनीच पेनसिल्व्हेनियात बांधलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरासमोर कित्येक रात्री जमाव जमत होता. कुठे उभा होता तो जमाव? रस्त्यावर, आणि त्या हिरवळींवर. घर विकताना वंश पाहणं बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये, देशादेशांना वाटून दिलेला जुना कोटा गेला आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जायला लागले. काका त्यानंतर तीसेक वर्षांनी, वाय-टू-केच्या, म्हणजे २००० सालासाठी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या, लाटेत पोचले. शनिवारी ते मोअर ओढतात तेव्हा हे सगळं त्यांच्या पायाखाली असतं, आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

अजून रसायनशास्त्र राहिलं. पूर्वी हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर ही तीन पानांची छोटी वनस्पती मुद्दाम मिसळत, कारण ते जमिनीला नत्र देतं. दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांच्या वनस्पती मारतं आणि गवत ठेवतं. क्लोव्हरही मेलं. त्याला वाचवता येईना, तेव्हा हळूहळू क्लोव्हरलाच तण म्हणायला लागले. तुझ्या मामांची द्राक्षबाग आहे, त्यांना ही गोष्ट सांग; ते तुझ्याहून लवकर समजतील.

एवढं सगळं मी लांबण लावून लिहिलं, कारण बाबांना ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द सांगून काही होणार नाही. हे सांग.

या विषयाचा स्वतःचा इतिहासही फार सोवळा नाही, तो जाणून मगच आत जा. १९३० च्या दशकात काही लोकांना वाटलं की इंग्रजीच्या विभागात फक्त इंग्लंड शिकवतात आणि इतिहासात फक्त राजकारण. आपल्या देशाचं मन कुठे शिकायचं? हेन्री नॅश स्मिथना १९४० मध्ये हार्वर्डनं या नव्या विषयातली पहिली डॉक्टरेट दिली. १९४९ मध्ये नियतकालिक निघालं, १९५१ मध्ये संघटना झाली. शीतयुद्ध पेटलेलं होतं. १९५० मध्ये येल विद्यापीठाला एका धनिकानं या विषयासाठी घसघशीत देणगी दिली, कम्युनिझमला उत्तर म्हणून. आपल्याकडेही लाट आली: हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं. इंग्रजीचे माझ्या पिढीचे मराठी प्राध्यापक तिथे जाऊन राहायचे. कोल्हापूर, औरंगाबाद, धारवाड, सगळीकडून बॅगा घेऊन लोक यायचे, कारण तेवढी अमेरिकन पुस्तकं देशात दुसरीकडे नव्हती. मी दोन उन्हाळे तिथे काढले. दिवसभर ग्रंथालय, संध्याकाळी इराणी चहा.

आणि तिथे मी काय केलं? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कादंबऱ्यांवर दीडशे पानं लिहिली, त्यातल्या माणसांच्या पोर्चवरच्या गप्पांवर एक प्रकरण लिहिलं, आणि पोर्च म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी आपला वाड्याचा ओटा डोळ्यांपुढे धरला होता. पुढे अमेरिकेत शिकायला गेल्यावर तो पाहिला, उन्हात त्यावर बसले, आणि कळलं की घरात वातानुकूलन आल्यावर त्या गप्पा का उठून गेल्या असतील. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण आजही कुठल्या तरी कपाटात चुकीचं पडलेलं आहे. म्हणून म्हणते, कादंबरी वाचशील तेव्हा त्यातल्या वस्तू जाऊन बघ, हाताळ.

अमेरिकेतल्या पहिल्या सेमिनारमध्ये मी निबंध लिहिला, सुरुवातच ‘अमेरिकन माणूस हा मुळात’ अशी. प्राध्यापकांनी त्या शब्दाखाली तीन रेघा मारल्या आणि समासात एकच शब्द: कोणता? मला राग आला. मग लक्षात आलं, कुणी गोऱ्यानं ‘महाराष्ट्रीय माणूस हा मुळात’ असं लिहिलं असतं तर मी त्याला कोकण, खानदेश, झाडीपट्टी असं सुनावलं असतं. साठ-सत्तरच्या दशकांत या विषयाच्या आत हेच भांडण झालं. काळे, मूळनिवासी, मेक्सिकन वंशाचे, स्त्रिया, सगळ्यांनी विचारलं, तुमच्या त्या ‘अमेरिकन मना’त आम्ही कुठे आहोत? विषय जगला तो त्या भांडणामुळे. आणखी एक: स्पॅनिश शीक. चार कोटींहून जास्त माणसं त्या देशात घरी स्पॅनिश बोलतात. काकांच्या गल्लीत पैसे देऊन गवत कापून घेणारी घरंही असतील. ते कापणारी माणसं आपापसांत कुठल्या भाषेत बोलतात ते कान देऊन ऐक.

तुला एक बाई वाचायला सांगते. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. थोड्या दिवसांसाठी आलेली ही बाई जवळजवळ तीन वर्षं राहिली. परत येऊन १८८९ मध्ये तिनं मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. त्यात राज्यव्यवस्था आहे, घरं नि घरातली राहणी आहे, शाळा आहेत, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था आहेत, बायकांची स्थिती आहे, व्यापार आहे. कौतुक भरभरून आहे, आणि वर्णद्वेषावर बोटही ठेवलेलं आहे. हार्वर्डनं या विषयात पहिली पदवी देण्याआधी पन्नास वर्षं एका मराठी बाईनं तो विषय मराठीतून हाताळला होता, हे माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना सांगताना मला फार मजा यायची. पण वाचताना तिची दृष्टी कुठे अडते तेही बघ. कुणाच्या घरी ती उतरली होती, कुणी तिच्यासाठी निधी जमवला, ते लक्षात ठेवून वाच.

आपलं या बाबतीतलं घर जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, ते तुला माहीत आहे. त्यामुळे तुझ्या वर्गात जात आणि वंश यांची तुलना येणारच, आणि सगळे तुझ्याकडे बघणार. तुलना जरूर कर. पण मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून मोकळा होऊ नकोस, टाळ्या मिळाल्या तरी. आणि वर्गात जातीवर बोलताना तू कोणत्या घरातून बोलतो आहेस, ते आधी सांग.

एक वही कर. फोनमध्ये नको, कागदाची. तुला जे विचित्र वाटेल ते तारखेसकट लिही. भाजीच्या दुकानात कोथिंबिरीवर पडणारा पाण्याचा फवारा, अनोळखी माणसाचं ‘कसे आहात’, दफनभूमीत फिरायला जाणारी कुटुंबं. तुझ्या वर्गातल्या मुलांना हे दिसत नाही, ती त्यातच वाढली. तुला आज दिसतंय. मला तिसऱ्या वर्षानंतर दिसेनासं झालं. पहिल्या दोन वर्षांच्या वह्यांवर मी पुढची वीस वर्षं शिकवलं, खोटं नाही सांगत.

आता बाबांचा मुद्दा: पैसा.

‘अमेरिकन स्टडीज झालेला पाहिजे’ अशी जाहिरात मी आयुष्यात पाहिली नाही. आमची मुलं वकील झाली, पत्रकार, ग्रंथपाल, संग्रहालयांत, शाळांत, काही कंपन्यांत गिऱ्हाइकांच्या सवयींचा अभ्यास करायला लागली. पण त्यातली बहुतेक तिथली नागरिक होती. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. सध्याच्या नियमाप्रमाणे पदवीनंतर तुला कामासाठी १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर आणखी २४ महिने मागता येतात. अमेरिकन स्टडीजला ते वाढीव महिने नाहीत. हा फरक कर्ज डोक्यावर असलेल्या घरात क्षुल्लक नाही. म्हणून कॉम्प्युटर सोडू नकोस. दोन्ही मेजर कर. जास्तीचे कोर्स पडतील, झोप कमी होईल, एखादा उन्हाळा जाईल. परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन नियम लेखी विचारून घे, माझ्यावर किंवा हॉस्टेलमधल्या मित्रावर विसंबू नकोस. मानव्यविद्यांच्या विभागांवर बऱ्याच कॉलेजांत कात्री चालते आहे. तुझ्या विभागात कायमचे प्राध्यापक किती आणि हंगामी किती, हेही मेजर जाहीर करण्याआधी विचार. लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे.

आणि कॉम्प्युटर ही नुसती पोटाची सोय आहे असं समजू नकोस. मिनेसोटा विद्यापीठातल्या काही जणांनी २०१६ मध्ये मिनियापोलिसच्या घरांची जुनी खरेदीखतं वाचायला घेतली. ढीगभर कागद; यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतली, मग स्वयंसेवकांकडून तपासून घेतली, आणि वंशाची अट असलेलं एकेक घर नकाशावर मांडलं. मॅपिंग प्रेज्युडिस नावानं ते काम चालतं. लाल रंगाचे ते जुने नकाशे रिचमंड विद्यापीठानं सगळ्यांसाठी खुले केले आहेत. १९५० च्या जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षं बंद होते, ते एप्रिल २०२२ मध्ये उघडले. घरागणिक नावं आहेत. माझ्या वेळी एका गल्लीसाठी मी सहा महिने मायक्रोफिल्म फिरवत बसले होते, मान अजून दुखते. तुला कोड लिहिता येतं. वर्गातल्या साहित्यवाल्यांना ते येत नाही आणि तुझ्या कॉम्प्युटरवाल्या मित्रांना खरेदीखत वाचता येत नाही. हे बाबांना नीट सांगितलंस तर त्यांना पटेल, हिशेबी माणूस आहे.

तर आता सुट्टी संपायच्या आत एक काम कर. काकांना त्यांच्या घराचं खरेदीखत मागून घे. घर कधी बांधलं ते बघ. पन्नाशीच्या दशकातलं असेल तर एडिसन स्टेशनवर गाडीत बस, पुढचंच स्टेशन न्यू ब्रन्सविक. मिडलसेक्स काउंटीच्या क्लार्कची कचेरी तिथे आहे. जमिनीचे जुने दस्त कुणालाही पाहता येतात, कारण विचारत नाहीत. या घराचे आधीचे मालक कोण, त्याआधी शेत कुणाचं, आणि करारात गवताबद्दल, कुंपणाबद्दल, माणसांबद्दल काय लिहिलंय, ते उतरवून घे. काही सापडणारही नाही कदाचित. तसं असेल तर तेही लिही.

आणि काकूंना एक विचार. मागे एकदा त्यांनी मला फोटो पाठवला होता, परसदारी मेथी, आळू, गवार. पुढच्या अंगणात ऊन जास्त आहे, तरी तिथे एक वाफाही नाही. का नाही? कुणी मनाई केली आहे, गावाचा नियम आहे, वसाहतीच्या संघटनेचा आहे, की कुणीच काही म्हटलं नाही आणि त्यांनाच लाज वाटली? फ्लोरिडात एका जोडप्यानं पुढच्या अंगणात भाजी लावली म्हणून गावानं दंडाची नोटीस काढली होती, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी २०१९ मध्ये राज्याला त्यासाठी कायदा करावा लागला. काकूंचं उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घे, मराठीतच, सुधारू नकोस.

ते मिळालं की मला पाठव. तोवर मी तुझ्या बाबांना काही बोलत नाही.

तुझ्या आईची, आणि आता तुझीही,
बाई